क्षत आणि साक्ष

१९९९ सालच्या मे महिन्यात पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोम येथे पाद्रे पिओ या इटालियन कापुचिन साधूला संतपदाच्या अलीकडच्या पायरीवर, म्हणजे ‘धन्य’ या पदवीवर चढवले. क्रुसावर खिळलेल्या येशूच्या पाच जखमा या साधूच्या तळहातांवर, तळपायांवर आणि कुशीवर उमटल्या असून पन्नास वर्षे त्यांतून रक्त वाहत होते, अशी लक्षावधी भाविकांची दृढ श्रद्धा होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात रूपर्ट वेनराइट यांनी दिग्दर्शित केलेला ‘स्टिगमाटा’ हा भयपट अमेरिकेत पडद्यावर आला आणि याच जखमा त्याने प्रेक्षकांच्या काळजाचा थरकाप उडवण्यासाठी वापरल्या. जे चिन्ह एका ठिकाणी वंदनीय ठरत होते तेच दुसऱ्या ठिकाणी भयाचे अधिष्ठान होत होते. एकाच कल्पनेला अशी दोन रूपे कशी प्राप्त झाली, याचा मागोवा घेतल्यावाचून त्या चित्रपटाचे मर्म कळत नाही, आणि त्याची चूकही कळत नाही.

चित्रपटाची नायिका फ्रँकी पेज ही पिट्सबर्ग शहरात केस कापण्याचा व्यवसाय करणारी तरुणी. देवावर तिचा विश्वास नाही आणि प्रार्थनेचा तिला सराव नाही. ब्राझीलमध्ये हिंडत असलेल्या आईने बाजारात विकत घेऊन पाठवलेली एक जपमाळ तिच्या हाती येते. ती माळ पाउलो आलमेइडा नावाच्या एका मृत धर्मगुरूच्या हातातून चोरीस गेलेली असते. त्यानंतर फ्रँकी न्हाणीघरातील टबात पहुडलेली असताना तिच्या मनगटांतून खिळे आरपार जावेत तशी छिद्रे पडतात आणि भोवतालचे पाणी लाल होते. पुढे भुयारी रेल्वेच्या धावत्या डब्यात, परक्या उतारूंच्या देखत, अदृश्य चाबकाचे फटके तिच्या पाठीवर कोसळतात. तपासासाठी व्हॅटिकनकडून येतो तो अँड्र्यू कीर्नन हा येशूसंघीय धर्मगुरू शास्त्रज्ञ आहे आणि प्रामाणिकही आहे; त्याचा वरिष्ठ कार्डिनल हाउसमन मात्र प्रकरण दडपण्यासाठी त्या मुलीचा गळा आवळण्यापर्यंत मजल मारतो, कारण तिच्या तोंडून येशूचे एक दडवलेले शुभवर्तमान प्रकट होऊ पाहत असते.

या कथेने परंपरेची तीन कलमे उलटी फिरवली आहेत. जखमा भक्ताला होतात असा संकेत होता, येथे त्या अश्रद्ध मुलीला होतात. त्या ख्रिस्तप्रेमातून उद्भवतात अशी धारणा होती, येथे त्या एका मृताच्या अस्वस्थ आत्म्याने लादलेल्या आहेत. आणि ज्या धर्मपीठाने त्यांची शहानिशा करावी, तेच येथे मारेकरी झाले आहे.

मूळ कल्पना यापेक्षा फार निराळी होती. १२२४ सालच्या सप्टेंबरात टस्कनीतील ला व्हेर्ना या डोंगरावर उपोषण आणि ध्यान करीत असलेल्या असिसीच्या फ्रान्सिसला सहा पंखांचा, क्रुसावर खिळलेला देवदूत दिसला, आणि त्या दर्शनाचा अर्थ मनात घोळत असतानाच त्याच्या देहावर चिन्हे उमटली, असे त्याचा पहिला चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो सांगतो. त्याचे वर्णन बारकाईने वाचावे असे आहे. हातापायांवर केवळ भोके नव्हती, तर मांसच खिळ्यांच्या आकाराने वर आले होते, एका बाजूस खिळ्याचे डोके आणि दुसऱ्या बाजूस वळवलेले टोक दिसावे तसे. दुसऱ्याच्या वेदनेशी मन इतके एकरूप व्हावे की तिची खूण आपल्या कातडीवर उठावी, ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये. पैठणच्या रेड्यावर पडलेल्या आसुडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. फ्रान्सिसच्या बाबतीत तितकेच लक्षणीय हे की त्याने ही चिन्हे झाकून ठेवली. तो हयात असताना ती पाहण्याचे किंवा चुकून स्पर्शण्याचे भाग्य एखाद्‌दुसऱ्या सहकाऱ्यालाच लाभले. १२२६ मध्ये तो निवर्तल्यावर ब्रदर इलायस याने पत्राद्वारे ही वार्ता जगाला कळवली. या इतिहासातील पहिली गुप्तता अशी विनयाची होती. कोणाच्या हुकमाने ती आलेली नव्हती.

परंतु गोष्ट जाहीर झाली की तिला साक्षीपुरावा लागतो. १२२८ मध्ये नववे ग्रेगरी यांनी फ्रान्सिसला संत म्हणून घोषित केले, तेव्हा त्या फर्मानात या जखमांचा उल्लेखही नव्हता. १२३७ मध्ये मात्र याच पोपांना ओलोमुकच्या बिशपाची कानउघाडणी करावी लागली, कारण तो त्या जखमा साफ नाकारत होता. जे एका भक्ताचे अंतरंग होते ते नऊ वर्षांत धर्मपीठाच्या दप्तरी दाखल झाले आणि त्यावर वादी-प्रतिवादी उभे राहिले. पुढे डॉमिनिकन पंथाच्या कॅथरीन ऑफ सिएना हिला १३७५ मध्ये पिसा येथे अशाच जखमा झाल्या, परंतु तिच्याच प्रार्थनेवरून त्या डोळ्यांना अदृश्य राहिल्या, असे तिच्या अनुयायांनी सांगितले, तेव्हा फ्रान्सिस्कन पंथीयांना आपल्या संस्थापकाचा मान वाटला जात असल्याचे दुःख झाले. आणि पंधराव्या शतकात स्वतः फ्रान्सिस्कन असलेल्या चौथ्या सिक्स्टस या पोपांनी कॅथरीनचे चित्र जखमांसह काढण्यास मनाईच केली. देहावरचे चिन्ह येथे पंथाच्या मालकीची मिळकत झाले होते.

मिळकत म्हटली की बनावट दस्तही आलाच. लिस्बनच्या आनुन्सियादा मठाची अधिष्ठात्री मारिया दे ला विझिटासियाँ हिच्या जखमांची कीर्ती इतकी पसरली होती की लुईस दे ग्रानादासारख्या आदरणीय धर्मलेखकाने तिचे चरित्र लिहिले. १५८८ मध्ये धर्मन्यायसभेच्या अधिकाऱ्यांनी साबण आणि पाणी मागवून तिचे हात धुतले आणि जखमा धुऊन निघाल्या. एका बाजूस भोळी श्रद्धा आणि दुसऱ्या बाजूस उघड फसवणूक, या दोहोंमध्ये सापडलेले धर्मपीठ पुढच्या काळात प्रत्येक जखमेकडे संशयाने पाहू लागले, आणि हा संशय सर्वस्वी निराधार होता असे कोणी म्हणू नये.

एकोणिसाव्या शतकात चौकशीचा अखत्यार धर्माच्या हातून सरकारच्या आणि वैद्यकाच्या हाती जाऊ लागला. वेस्टफालियातील ड्युल्मेन गावी अंथरुणाला खिळलेल्या ॲना कॅथरीना एमेरिक या जोगिणीला १८१९ मध्ये सरकारी चौकशी समितीने तिच्या राहत्या घरातून हलवून तीन आठवडे पहाऱ्यात ठेवले. बेल्जियममधील बोआ-देन या खेड्यातील लुईज लातो या तरुण मुलीच्या हातापायांतून १८६८ पासून दर शुक्रवारी रक्त वाहू लागले, तेव्हा त्या देशाच्या राजवैद्यकीय अकादमीने तिच्यावर दीर्घ चर्चा केली, आणि डॉक्टर वार्लोमाँ यांनी तिचा हात काचेच्या नळकांड्यात सीलबंद करून रक्त आतून येते की बाहेरून लावले जाते याची खातरजमा करू पाहिली. शतकाच्या अखेरीस, १८९४ मध्ये, आंबेर-गूर्बेर या फ्रेंच वैद्याने इतिहासात नोंदल्या गेलेल्या अशा व्यक्तींची मोजदाद केली. ती ३२१ भरली आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. तपासणारे धर्माधिकारी, डॉक्टर आणि सरकारी अंमलदार मात्र पुरुष होते. ही विषमता त्या काळी कोणालाही विशेष वाटली नाही.

वैद्यकीय संशोधनातून पुढे एक मार्मिक गोष्टही उघड झाली. जोत्तोपासून चित्रकारांनी येशूच्या जखमा तळहाताच्या मध्यभागी रंगवल्या, आणि शतकानुशतके भक्तांच्या जखमाही तळहाताच्या मध्यभागीच उमटल्या. परंतु विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्येर बार्बे या फ्रेंच शल्यविशारदाने शवांवर प्रयोग करून असा निष्कर्ष काढला की तळहातातील खिळा देहाचा भार पेलू शकत नाही, खिळे मनगटात ठोकले असले पाहिजेत. ‘स्टिगमाटा’च्या कर्त्यांनी हे मत उचलले आणि फ्रँकीच्या जखमा मनगटांवर दाखवल्या. याचा अर्थ असा की या जखमा इतिहासातील क्रुसापेक्षा त्या त्या काळाच्या मनातील क्रुसाचे अनुकरण करीत आल्या आहेत. हे ओळखल्याने त्यांची वेदना खोटी ठरत नाही. परंतु मनाचे चित्र देहावर उतरण्याची शक्यता मान्य केली, की चमत्कार किंवा लबाडी एवढ्या दोनच पर्यायांत अडकलेला वाद थोडा सैल होतो.

पाद्रे पिओचे प्रकरण हा या साऱ्या इतिहासाचा कळस होय. २० सप्टेंबर १९१८ रोजी सान जोव्हान्नी रोतोंदो येथील मठात त्याच्या जखमा प्रकट झाल्या. गर्दी लोटू लागली. डॉक्टरांमागून डॉक्टर आले. १९२० मध्ये वैद्य आणि धर्मगुरू अशा दुहेरी अधिकाराचे आगोस्तीनो जेमेल्ली आले, परंतु लेखी परवान्याखेरीज जखमा दाखवण्यास पिओने नकार दिला. १९२३ मध्ये व्हॅटिकनच्या ‘पवित्र कार्यालया’ने जाहीर केले की या घटनांचे अलौकिकत्व सिद्ध झालेले नाही, आणि १९३१ पासून सुमारे दोन वर्षे त्याला सार्वजनिक मिस्सा करण्यास मनाई होती. ज्याला गप्प बसवले गेले, त्यालाच २००२ मध्ये संत म्हणून वेदीवर स्थान मिळाले. पुढे व्हॅटिकनचे दप्तरखाने अभ्यासकांना खुले झाले, तेव्हा दोन्ही बाजूंचे कागद हाती आले. एकीकडे पिओने गुपचूप कार्बोलिक ॲसिड मागवल्याचा निर्देश करणारी कैफियत, तर दुसरीकडे १९२१ मध्ये प्रत्यक्ष चौकशीस गेलेल्या बिशप रोस्सी यांचा बराचसा अनुकूल अहवाल. चित्रपटाला हवे होते तसे एकच भयंकर गुपित त्या बासनांत नव्हते. त्यांत माणसांची मतभिन्नता, भीती आणि प्रामाणिक गोंधळ होता.

आपल्याच देशातील एक उदाहरण मला याहूनही अंतर्मुख करते. केरळातील पुत्तनचिरा येथील मरियम त्रेसिया हिने आपल्या जखमा लोकांच्या नजरेआड ठेवल्या. तरीही तिला होणारी दर्शने व यातना यांमुळे बिशपाच्या मनात सैतानी बाधेची शंका आली, आणि १९०२ ते १९०५ या काळात तिच्यावर वारंवार भूतबाधा-निवारणाचे विधी करण्यात आले. हे विधी तिने विनातक्रार सोसले, पुढे गोरगरिबांच्या घरोघर जाऊन रुग्णसेवा केली, १९१४ मध्ये भगिनींचा एक संघ स्थापन केला. आणि १३ ऑक्टोबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिला संतपद बहाल केले. ज्या देहात सैतान शोधला गेला, तोच देह पवित्र ठरला. भयपट जे किंकाळ्यांनी आणि रक्ताने सांगू पाहतो, ते येथे एका संयमी आयुष्याने अधिक खोलवर सांगितले आहे.

आता त्या दडवलेल्या शुभवर्तमानाविषयी. चित्रपटाच्या अखेरीस पडद्यावर थोमाच्या शुभवर्तमानाचा हवाला देऊन असे सुचवले जाते की धर्मपीठ त्याच्यावर पडदा टाकून बसले आहे. वस्तुस्थिती अशी की हा ग्रंथ १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादीजवळ मातीच्या रांजणात इतर कॉप्टिक पोथ्यांसह सापडला, त्याच्या ग्रीक प्रतीचे तुकडे ऑक्सिरिंकस येथील उत्खननातून १८९७ पासूनच छापले जात होते, आणि त्यातील ११४ वचनांचे भाषांतर १९५९ पासून कोणालाही विकत घेता येत होते. धर्मपीठाने हा ग्रंथ नव्या करारात घेतला नाही हे खरे. परंतु स्वीकार न करणे आणि दडवून ठेवणे यांत महदंतर आहे, आणि त्या अंतरावरच चित्रपटाने आपला सारा डोलारा उभारला आहे. प्रेक्षकाला घाबरवण्याचा हक्क कलावंताला आहे. कल्पितावर वस्तुस्थितीची मोहोर उठवण्याचा हक्क त्याला नाही.

तरीही या चित्रपटाची भावना मी खोटी मानीत नाही. सत्तेजवळ कागद असतात, कुलपे असतात, आणि चौकशी करणारा व निवाडा देणारा एकच असतो, तेव्हा सामान्य माणसाच्या मनात जे भय दाटते ते रास्त आहे; मुलांवरील अत्याचारांची प्रकरणे धर्माधिकाऱ्यांनी वर्षानुवर्षे दाबून ठेवल्याचे २००२ साली बोस्टन येथे उघडकीस आले, तेव्हा त्या भयाला कल्पनेच्या आधाराची गरज उरली नाही. चित्रपटाने गुपिताचा ग्रंथ चुकीचा निवडला, परंतु गुप्ततेने माणसाचा घात होतो हे त्याचे प्रमेय बरोबर होते.

आणि येथे खुद्द थोमाचे स्मरण करणे उचित आहे. योहानाच्या शुभवर्तमानात तोच शिष्य म्हणतो की खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याखेरीज मी विश्वास ठेवणार नाही. आणि येशू त्याच्यावर रागावत नाही, जखम त्याच्यापुढे करतो. ख्रिस्ती परंपरेच्या मुळाशीच संशय घेणाऱ्याला जखम तपासू देण्याचा हा औदार्याचा प्रसंग आहे. त्या प्रसंगाच्या कसोटीवर बिशपांचे बंद दप्तर टिकत नाही आणि हॉलीवूडचा सोयीस्कर आरोपही टिकत नाही. कारण दोघांनीही पाहणाऱ्याला जखमेपर्यंत पोचूच दिले नाही, एकाने कुलूप लावून आणि दुसऱ्याने भय दाखवून.

म्हणून वाचकांना माझे सांगणे एवढेच की हा चित्रपट अवश्य पाहावा, पण तेथेच थांबू नये. थोमाची वचने वाचावीत, पाद्रे पिओची दोन्ही बाजूंची चरित्रे वाचावीत, आणि सर्वांत आधी मरियम त्रेसियाचे आयुष्य समजून घ्यावे. देहावरच्या जखमेचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणत्याही एका पीठाला नाही; ज्याच्या देहावर ती आहे त्याची जबानी प्रथम ऐकली पाहिजे, आणि मगच निवाडा लिहिला पाहिजे.