माझ्यामागे त्याचं कोण?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

गुरुचरित्राच्या आठव्या अध्यायातली अंबिका आपणा सर्वांना ठाऊक आहे. नवरा गेलेला, मुलगा मंदबुद्धी, वर लोकांची कुचेष्टा. कुरवपुरी ती मुलाला घेऊन कृष्णेत जीव द्यायला निघते आणि श्रीपाद श्रीवल्लभ तिला अडवतात. मग ते मुलाच्या मस्तकावर हात ठेवतात आणि तो ज्ञानी होतो. पारायणात इथे आपले हात आपोआप जोडले जातात.

माझेही जोडले जातात. पण माझा मुलगा आज 41 वर्षांचा आहे. लिहिणं, वाचणं, पैशांचा हिशेब त्याला जमला नाही आणि आता जमणारही नाही. मी सत्तरी ओलांडली. त्यामुळे मला या कथेत चमत्काराच्या आधीचं मोठं वाटतं : महाराजांनी आधी त्या दोघांना काठावर थांबवलं. मुलगा शहाणा व्हायच्या आधीच त्याचा जीव मोलाचा होता.

पाचव्या अध्यायात तर हाच प्रश्न त्यांच्या स्वतःच्या घरात आहे. पिठापुराहून निघताना माता सुमती विचारते, एक मुलगा आंधळा, एक पांगळा. यांना सांभाळणार कोण? महाराज त्या दोघांना बरं करतात आणि मगच घर सोडतात. भक्तहो, संन्यासीसुद्धा मागच्यांची सोय लावल्याशिवाय निघाला नाही. मग आपण संसारी माणसांनी कसं निघायचं?

सोय म्हटलं की लोक विचारतात, “म्हणजे पोटच्या पोराला आश्रमात टाकणार?” हा ‘टाकणार’ शब्द फार लागतो. पण दत्तप्रभूंच्या चोवीस गुरूंत कपोतही आहे. पिलं जाळ्यात सापडली म्हणून आधी मादीने, मग त्यानेही जाळ्यात उडी घेतली. प्रेम खरंच होतं, पण त्याने पिलं वाचली नाहीत. ‘मी आहे तोवर मीच करीन’ हे आईबापांचं बोलणंही तसंच. मी नसेन तेव्हाचं काय, हे त्यात कुठेच येत नाही.

आपल्या रत्नागिरीत आविष्कार संस्थेची शाळा आणि कार्यशाळा आहे. तिथे अशा मुलांना शिक्षण आणि मोठ्यांना काम मिळतं. पण कुठलीही कार्यशाळा संध्याकाळी सुटते. रात्री दार उघडायला घरात कोणी नसेल तर? हाच घोर लागलेल्या पालकांनी एकत्र येऊन बदलापूरला ‘आधार’ आणि डोंबिवलीजवळ खोणीला ‘घरकुल’ उभं केलं. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी बेवारस दिव्यांग मुलांना बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. 18 वर्षं झाली म्हणून अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नका, हे ते सरकारला सांगत आले. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा घर की आश्रम, एवढाच प्रश्न नाही. तिथे तो माणूस म्हणून राहील का, हा खरा प्रश्न. 2016 चा दिव्यांग हक्क कायदाही सांगतो, की त्यांना समाजात राहण्याचा हक्क आहे. अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती नको. म्हणजे त्याला विचारायला हवं. मी विचारलं. तो म्हणाला, “तिथं समुद्र आहे?” रोज संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर जाणारा माणूस दुसरं काय विचारणार? बदलापूरला समुद्र नाही. म्हणून आम्ही शोध थांबवला नाही, पण घाईही केलेली नाही.

तोवर करण्यासारखं पुष्कळ आहे. कलेक्टरांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. आठ-पंधरा दिवस दुसरीकडे राहायची सवय आईबाप हयात असतानाच लावता येते. मी एक वही केली आहे. पेजेत मीठ किती, गडगडाटाला घाबरतो, पोट दुखलं तर बोलत नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून बसतो. उद्या जो कोणी त्याला सांभाळेल, त्याला हे कळायला हवं.

आणि मंडळींना एक विनंती. जयंतीच्या महाप्रसादाला अशा मुलाला नुसतं पंगतीत बसवू नका. त्याच्या हाती पत्रावळी द्या, वाढायला सांगा, नावाने हाक मारा. चमत्कार महाराजांच्या हाती. काठावर थांबवणं मात्र आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

श्री गुरुदेव दत्त!