आधी काय बदललं?

कारखाना मामांचा होता आणि मशीन भाच्याचं.

तळवड्यात ज्योतिबानगरच्या बाजूला पत्र्याच्या शेडा एकीला एक लागून उभ्या आहेत. त्यातल्या एका गाळ्यात मामा दुचाकीच्या सुट्या भागांचं जॉबवर्क करत. खोलगट पत्र्याची टोपी, मधोमध एक भोक आणि काठ आत वळवलेला, एवढाच माल. टोपी हाताने डायमध्ये ठेवायची, पायडल दाबायचं, हातानेच बाहेर काढायची, हे वर्षानुवर्षं चालत आलं होतं. डिप्लोमा करून आलेल्या भाच्याला ते बघवेना. पॉवर प्रेसखाली बोटं जातात हे या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. भोसरीपासून चाकणपर्यंत कुठल्याही टपरीवर चहाचा ग्लास धरलेले हात बघितले तरी पुरे. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगातल्या अशा अपघातांचे अहवाल 2019 पासून काढते आहे, आणि त्यात पॉवर प्रेसचं नाव वरचेवर येतं. भाच्याने एकच गोष्ट मनाशी धरली होती. डायमध्ये माणसाचा हात जाताच कामा नये.

त्याने राबून मशीन उभं केलं. वर थरथरणारा फिडर टोप्या एका दिशेने वळवून च्यूटमध्ये सोडी. च्यूटच्या तळाशी हवेवर चालणारा सिलिंडर एक टोपी डायवर ढकली. ऑपरेटरने दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच पंच खाली येई, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच नव्हता. पंच वर गेला की इजेक्टर तयार टोपी बाहेर फेकी आणि पुढची टोपी जागेवर येऊन थांबे. एकदा बटणं दाबली की एक फेरा, पुन्हा दाबेपर्यंत मशीन गप्प. ट्रायलला ते सुरेख चाललं. मामांनी नारळ फोडला, पेढे वाटले.

उत्पादन सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत मशीन अडखळू लागलं. तयार टोपी बाहेर पडायच्या ऐवजी पंचाला चिकटून वर जाई, मध्येच सुटून डायवर पडे आणि तिच्यावर पुढची येऊन बसे. कामगार त्याला ‘डबल’ म्हणत. डबलवर पंच आदळला की असा आवाज होई की शेजारच्या गाळ्यातली माणसं दारात येऊन बघत.

भाचा रात्री जागू लागला. इजेक्टरला जोर कमी पडतोय असं वाटून त्याने हवेचा दाब पाच बारवरून सातवर नेला. टोप्या पिंपात पडायच्या त्या समोरच्या भिंतीवर आपटू लागल्या. मग त्याने जड स्प्रिंग बसवली, तर ढकलणारा सिलिंडर मागे यायला उशीर करू लागला. तो उशीर भरून काढायला टायमर बदलला. च्यूट घासून गुळगुळीत केली, तेव्हा टोप्या वेगाने खाली येऊन एकमेकींवर चढल्या. एक दुखणं थांबवावं तर दुसरं उभं राही. काही दिवसांनी अशी अवस्था झाली की ट्रायलला पास झालेलं मशीन आता तिथे नव्हतंच, आणि त्यात नेमकं काय काय वेगळं झालंय हे भाच्यालाही धड सांगता येईना.

अशा वेळी दोष कुणावर जातो ते ठरलेलं असतं. मशीनवर परभणीकडच्या एक ताई काम करत. मामा म्हणाले, “त्यांचं लक्ष नसतं. पुसपास करत नसतील. मागच्या प्रेसवर असं कधी झालं नाही.” ताईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. पगारावरची माणसं बहुधा असंच ऐकून घेतात. त्या संध्याकाळी डिस्पॅचची घाई असताना मामांनी आणखी एक तोड काढली. “त्यातलं एक बटण बायपास कर. एका हाताने मशीन चालवतील, दुसऱ्या हाताने अडकलेली टोपी ओढून काढतील.”

भाच्याने मशीनचा मेन स्विच बंद केला आणि रुपीनगरला आप्पांच्या घरी गेला.

आप्पा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेले फिटर. 1869 सालापासून चालत आलेला तो कारखाना, आणि आप्पांची सगळी नोकरी तिथल्या तपासणीत गेलेली. गुरुवारी पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी असते. त्या दिवशी शेडमध्ये सगळं शांत असताना आप्पा आले, मशीनभोवती एक फेरी मारली आणि स्टुलावर बसले.

“ट्रायलला चाललं होतं ना?”

“हो आप्पा, एकही डबल नव्हता.”

“मग त्यानंतर काय बदललं?”

भाच्याने दाब, स्प्रिंग, टायमर, च्यूट, सगळं सांगितलं.

“हे तू डबल पडल्यावर बदललंस. पहिला डबल पडायच्या आधी काय बदललं, ते विचारतोय.”

“आधी काहीच नाही.”

“असं नसतं रे. तुला कुणी सांगितलं नाही, एवढंच.” आणि आप्पांनी त्याला एका बंदुकीची हकिगत सांगितली. भाच्याला आधी वाटलं, म्हातारं माणूस नोकरीच्या आठवणीत शिरलं. पण ऐकता ऐकता तो सरळ होऊन बसला.

आपोआप भरणाऱ्या रायफलीचंही काम असंच फेऱ्याचं. काडतूस नळीच्या मागच्या घरात जातं, गोळी सुटते, जळालेल्या दारूच्या वायूचा थोडा भाग मागे वळून बोल्टला रेटतो, बोल्ट मागे जाताना रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि पुढे येताना नवं काडतूस घेऊन येतो. चाप एकदा ओढला की एक गोळी, ही सेमी-ऑटोमॅटिक. फेऱ्यातली कुठलीही पायरी क्षणभर मागेपुढे झाली की पुढची पायरी अडते.

अमेरिकेत यूजीन स्टोनर यांनी आखलेली एक हलकी रायफल 1960 च्या दशकात एम-16 या नावाने सैन्यात आली. चाचण्यांत ती उत्तम ठरली होती. व्हिएतनामच्या जंगलात मात्र ती शिपायांच्या हातात अडकू लागली. बहुतेक वेळा गोळी सुटलेली असे, पण रिकामी पुंगळी घरातच घट्ट बसलेली. समोर शत्रू आणि हातातली बंदूक बंद. काही शिपायांनी नळी साफ करायची सळई रायफलीला बाहेरून चिकटपट्टीने बांधून ठेवली, म्हणजे अडकलेली पुंगळी पुढून ठोकून बाहेर काढता यावी. 1967 मध्ये खे सान्हजवळच्या टेकड्यांवर झालेल्या लढायांनंतर एका सैनिकाचं घरी लिहिलेलं पत्र अमेरिकेत जाहीर झालं. आपली माणसं आपल्याच रायफलीमुळे मेली, असा त्यातला आक्रोश होता.

“वरच्या लोकांनी काय म्हटलं असेल?” आप्पांनी विचारलं. “म्हणाले, पोरं बंदूक साफ ठेवत नाहीत.”

त्यात थोडं खरंही होतं. पण ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही असा समज पसरला होता, आणि साफ करायचं साहित्यही पुरेसं पोचलेलं नव्हतं. मूळ दुखणं त्याच्याही आधीचं होतं. रायफल आखली आणि तपासली गेली ती एका प्रकारच्या दारूवर, बारीक कांड्यांसारखे दाणे असलेल्या. मोठ्या प्रमाणावर काडतुसं करायची वेळ आली तेव्हा त्या दारूने गोळीचा ठरलेला वेग ठरलेल्या दाबात सातत्याने मिळेना. म्हणून 1964 मध्ये गोल दाण्यांची दुसरी दारू मंजूर झाली. काडतूस बाहेरून तेच, गोळी तीच, वेगही तोच. आतल्या जळण्याची रीत मात्र वेगळी. नव्या दारूने रायफलीचा फेरा वेगवान झाला, त्यामुळे बोल्ट आपल्या वेळेआधी पुंगळी ओढू लागला. तिच्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा साका वायूच्या नळीत बसू लागला. आणि घराला क्रोमचा मुलामा नसल्याने दमट हवेत तिथे गंज चढे, पुंगळी आणखी घट्ट बसे.

आणि आप्पांच्या मते सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच होती. कारखान्यात रायफल पास करताना जुन्या दारूची काडतुसं वापरायची मुभा होती, आणि तीच वापरली जात. नव्या काडतुसांवर रायफल फेऱ्याच्या वेगाच्या मर्यादेत बसत नव्हती. म्हणजे तपासणी एका मालावर आणि लढाई दुसऱ्या मालावर.

“आपल्याकडेही बघ,” आप्पा म्हणाले. “इन्सास रायफल आपल्या पाषाणच्या एआरडीई या संस्थेने आखली. 1999 ला कारगिलच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. बंदूक एकटी नसते रे. तिची दारू, तिचं तेल, तिची हवा, तिच्यावरचा माणूस, हे सगळं मिळून बंदूक.”

भाचा बराच वेळ बोलला नाही. मग त्याने विचारलं, “आता काय करू?”

“पहिलं म्हणजे तू केलेलं सगळं मागे घे. दाब पाच, जुनी स्प्रिंग, जुना टायमर. आणि एक वही घाल. दुसरं म्हणजे मशीनवरच्या बाईंना विचार. त्यांना विचारलंस का कधी?”

त्याने विचारलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी त्याने मशीन ट्रायलच्या दिवशी होतं तसं करून ठेवलं. घासलेली च्यूट तेवढी परत पहिल्यासारखी होणार नव्हती, म्हणून दुसरी बसवली. मग ताई आल्यावर त्याने त्यांना स्टूल दिलं.

“ताई, ट्रायलच्या टोप्यांत आणि आताच्या टोप्यांत तुम्हाला काही फरक वाटतो का?”

“वाटतो की दादा,” ताई लगेच म्हणाल्या. “आधी कोरड्या यायच्या. आता हाताला चिकटतात. दोन दोन जोडीने उचलल्या जातात. ते निळं पिंप आलं तेव्हापासून.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं, तुम्हीच केलं असेल.”

निळं पिंप म्हणजे गंज रोखायचं नवं तेल. पावसाळ्यात टोप्यांना गंज लागून एक लॉट परत आला होता, म्हणून मामांनी जाड तेल मागवलं होतं. चुकीचं काही नव्हतं त्यात. माल परत आला तर कुणीही मालक तेच करेल. फक्त हे तेल आणि भाच्याचं मशीन यांचा संबंध आहे हे मामांच्या मनात आलं नाही, आणि ट्रायलसाठी आपण टोप्या स्वतः फडक्याने पुसून घेतल्या होत्या हे भाचा विसरून गेला होता. जाड तेलाचा थर टोपीला पंचाशी धरून ठेवत होता आणि च्यूटमध्ये दोन टोप्यांना एकमेकींशी.

भाचा तेलाचं पिंप फेकायलाच निघाला होता. आप्पांनी थांबवलं. “आधी खात्री कर.” एक टोपली पुसलेल्या टोप्यांची आणि एक तेलातल्या टोप्यांची, मशीनला कुठेही हात न लावता पाळीपाळीने चालवली. पुसलेल्या सुरळीत गेल्या. तेलातल्या डबल झाल्या. पुन्हा पुसलेल्या लावल्या, पुन्हा सुरळीत. अडकलेली टोपी निघायची ती मेन स्विच बंद करून आणि पितळी आकड्याने, असा आप्पांचा हुकूम होता, मग दुपार झाली तरी चालेल. उलटसुलट करून बघितल्याशिवाय कारण सापडलं असं मानायला ते तयार नव्हते. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. मनात आलेलं कारण खरंच वाटतं, आणि दाबाचं कारणही भाच्याला तितकंच खरं वाटलं होतं.

मग उपाय एकेक करून झाले, आणि प्रत्येक वहीत लिहून. पातळ, निथळून जाणारं तेल आणलं, म्हणजे गंजाचं मामांचं म्हणणंही राहिलं. टोप्या फिडरमध्ये टाकण्याआधी जाळीच्या टोपलीत निथळायला ठेवल्या. पंचाच्या पोटात स्प्रिंगची एक पिन बसवली, ती चिकटलेली टोपी खाली ढकलते. शेवटी एक सेन्सर लावला. तयार टोपी बाहेर पडल्याची खूण मिळेपर्यंत पुढची आत येत नाही. दोन्ही बटणं जागेवर राहिली. मामांनी ताईंना सगळ्यांसमोर सांगितलं, “तुमचं काही चुकलं नव्हतं.” हे वाक्य बोलायला मालकाला जड जातं. मामा ते बोलले याचं मला फार बरं वाटतं.

एम-16 च्या बाबतीतही एका उपायाने भागलं नाही. बोल्टचा वेग आवरणारा बफर बदलला, घराला क्रोमचा मुलामा आला, दारूतल्या कॅल्शियम कार्बोनेटवर मर्यादा आली, साफसफाईचं साहित्य पोचलं. 1968 मध्ये सैन्याने विल आइसनर या चित्रकाराकडून रायफलीच्या देखभालीची चित्रमय पुस्तिका काढून शिपायांना वाटली. रायफल पुढे कित्येक दशकं वापरात राहिली. त्याआधी 1967 मध्ये अमेरिकी संसदेच्या एका उपसमितीने, रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली, चौकशी केली होती. काडतुसांतला दोष वेळेत दूर न करणं हे गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या हद्दीला पोचणारं आहे, असा ठपका तिने सैन्याच्या अधिकाऱ्यांवर ठेवला.

तळवड्यातल्या त्या गाळ्यात आता तेल, पत्रा किंवा स्प्रिंग, काहीही नवं आलं की चलनावर आधी प्रेसवरच्या ताईंची सही होते. ती झाल्याशिवाय माल फिडरमध्ये पडत नाही.