आपला क्रूस कोणता?



घरात आजारपण आले की आपण सहज म्हणतो, "हा माझा क्रूस." असे दुःख प्रभूला जरूर अर्पण करावे. पण श्रद्धेसाठी सोसणे थोडे वेगळे. ते टाळता येत असते.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया व्यापारी होते, चांगला जम बसला होता. ते सोडून मनिला येथे ते फ्रान्सिस्कन धर्मबंधू झाले आणि दुभाषे म्हणून जपानला गेले. तेथे हे धर्मबंधू कुष्ठरोग्यांची सेवा करीत. मरण शोधायला ते गेले नव्हते. पण संकट आले तेव्हा त्यांनी प्रभूला नाकारले नाही. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह ते क्रूसावर हुतात्मा झाले.

धर्मापायी सोसणे ही आपलीच मिरास नव्हे. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबे जरीपटक्यात आपल्या शेजारीच राहतात.

आपल्यावर नागासाकीची वेळ कदाचित येणार नाही. पण खोटे बिल नाकारले म्हणून गिऱ्हाईक तुटते, वैऱ्याला क्षमा केली म्हणून भावकी हसते. तो तोटा आपण टाळू शकलो असतो. म्हणूनच तो क्रूस.

आज मिस्साहून घरी जाताना स्वतःला विचारू या: प्रभूसाठी माझे आजवर काय गेले?