गळ्यातली माळ आणि गळ्यावरची तलवार

वारकरी सज्जनहो, माळ घालायला आलेल्याला वडीलधारे आधी विचारतात, "बाबा, नेम पाळशील ना?" त्याने मनापासून होकार दिला की मगच माळ गळ्यात पडते. न विचारता, धाकाने परमार्थ करविला तर काय होते, याचा एक दाखला आज परमुलखातून घेऊ.

फ्रान्स देशात १५६२ ते १५९८ अशी यादवी माजली होती. ख्रिस्त एकच, पण कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट असे दोन तट पडले आणि भाऊ भावाच्या जिवावर उठला. त्यात नावारच्या राजघराण्यातला हेन्री सापडला. जन्म १५५३ चा, बाप्तिस्मा कॅथॉलिक. पुढे आई प्रॉटेस्टंट झाली आणि मुलाला तीच शिकवण मिळाली. १५६२ साली बापाने आईला दरबारातून घालविले व आठ वर्षांच्या पोराला कॅथॉलिक उपासनेस बळेच बसविले. पोराने काही महिने हट्ट धरला, मग मान तुकवली. त्याच वर्षी बाप वारला, आणि पोर पुन्हा आईच्या पंथात आले.

१८ ऑगस्ट १५७२ रोजी पॅरिसात राजाच्या कॅथॉलिक बहिणीशी त्याचे लग्न झाले. सहाच दिवसांनी, लग्नासाठी जमलेल्या प्रॉटेस्टंटांची कत्तल सुरू झाली. हजारो माणसे मेली. अठरा वर्षांच्या नवरदेवाला सांगण्यात आले, पंथ बदल, नाही तर मर. त्याने बदलला. १५७६ साली तो दरबारातून निसटला आणि जुन्या पंथात परतला.

कोणी म्हणेल, वारा येईल तशी पाठ देणारा हा कसला भक्त? आम्ही म्हणतो, थांबा! त्या तलवारीखाली आपण काय केले असते, हे ज्याने त्याने विठोबापुढे उभे राहून स्वतःला विचारावे. आणि तलवारवाल्यांना तरी काय लाभले? तोंडचा एक शब्द. अंतःकरण त्यांच्या हाती लागलेच नाही.

पुढे तो फ्रान्सचा राजा झाला. १५९३ साली तो पुन्हा कॅथॉलिक झाला. त्यात श्रद्धा किती आणि राज्यकारण किती, ते अंतर्यामीच जाणे. पण याच ओढाताणीतल्या माणसाने १५९८ साली नांतचे फर्मान काढले आणि प्रॉटेस्टंटांना ठरल्या ठिकाणी उपासनेची मोकळीक दिली. १६१० साली एका माथेफिरू कॅथॉलिकाने त्याचा खून केला. १६८५ साली नातवाने ते फर्मान रद्द केले, तेव्हा लाखाहून अधिक माणसे देश सोडून गेली.

त्याच काळात पैठणास नाथमहाराज नांदत होते. त्यांच्या 'हिंदु-तुर्क संवादा'त दोघे कडाकडा भांडतात, पण शेवट गळाभेटीने होतो. भांडण शब्दांचे राहिले, म्हणूनच भेटीला जागा उरली.

तेव्हा मायबापहो, आपल्या घरातही एखादे लेकरू दोन वाटांच्या मध्ये उभे असेल. आई एका पंथाची, बाप दुसऱ्या. किंवा त्याने माळ उतरवून ठेवली असेल. "तू नक्की कोणाचा?" म्हणून त्याला भरल्या ताटावरून उठवू नका. वारीच्या वाटेवर पाणी देणाऱ्याचा धर्म आपण विचारत नाही. मग पोटच्या पोराचीच झडती का घ्यावी? आपण नाम घ्यावे, दार उघडे ठेवावे. विटेवरचा तो कोणाला ओढून नेत नाही. येणाऱ्याची वाट पाहत उभा आहे.

रामकृष्णहरि!