बिनसनदी अंमल

अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर १९५४ ते १९५७ या काळात दाखविल्या गेलेल्या 'ॲनी ओकली' या मालिकेचे कृष्णधवल भाग पाहताना एक विचार मनात वारंवार येतो, तो असा की, ॲरिझोनातील डायाब्लो नावाच्या त्या गावात कायद्याचा अंमल जिच्या बळावर चालतो, तिच्यापाशी त्या अंमलाची सनद मात्र नाही. शेरीफचा हुद्दा तिच्या एका वडीलधाऱ्या आप्ताकडे असून तो बहुधा परगावी गेलेला असतो. त्याच्या पश्चात लॉफ्टी क्रेग हा देखणा, सालस डेप्युटी आहे. आणि तरीही दरोडेखोरांचा माग काढणे, प्रसंगी बदमाशाच्या हातातील पिस्तूल अचूक गोळीने उडवून देणे, ही कामे दोन वेण्या घातलेल्या, झालरीचा पोशाख ल्यालेल्या ॲनीकडे येतात, आणि धाकटा भाऊ टॅग याचा सांभाळही तीच करते. ही भूमिका ८१ भागांत गेल डेव्हिस हिने ज्या प्रसन्न आत्मविश्वासाने वठविली, त्याचे मोल मी फार मानतो. तिच्या आधी डेल इव्हान्स घोड्यावरून पडद्यावर आली होती खरी, पण ती पतीच्या नावाने चालणाऱ्या मालिकेत. पश्चिमेची कथा एकट्या स्त्रीने पेलण्याचा मान गेलचा.

तथापि जिच्या नावावर हे सारे उभारले, ती स्त्री पश्चिमेची नव्हतीच. खरी ॲनी ओकली, म्हणजे फीबी ॲन, हिचा जन्म १८६० साली ओहायो राज्यातील डार्क परगण्यात झाला. बालपणीच पितृछत्र हरपल्यावर कुटुंबाच्या उदरनिर्वाहासाठी ती रानात शिकार करी आणि ती विके. तिच्या अचूकतेची जननी क्षुधा होती. पुढे नेमबाजीच्या एका पैजेत तिने फ्रँक बटलर या व्यावसायिक नेमबाजाला हरविले, त्याच्याशी विवाह केला, आणि काही काळ दोघांनी बरोबरीने खेळ केल्यावर, पत्नीचे कौशल्य आपल्याहून श्रेष्ठ आहे हे ओळखून त्याने स्वतः मागे सरून तिच्या व्यवहाराचा कारभार पत्करला. १८८५ साली ती बफेलो बिलच्या खेळात दाखल झाली, तेव्हाही तो तिच्या पाठीशी होता.

मालिकेने या चरित्रातून भूक वगळली, हे मुलांसाठी रचलेल्या अर्ध्या तासाच्या खेळात क्षम्य म्हणता येईल. पण तिने फ्रँकही वगळला, आणि ही गोष्ट मला अधिक अर्थपूर्ण वाटते. पुरुषांहून सरस नेम धरणारी कुमारिका त्या काळाला रुचली. पराभव प्रेमाने स्वीकारून पत्नीची बंदूक वाहणारा पती मात्र त्या काळाच्या कल्पनेत बसला नसावा. १९६५ मध्ये सुरू झालेल्या 'द बिग व्हॅली' या मालिकेत बार्बरा स्टॅनविकने व्हिक्टोरिया बार्कली किती भारदस्तपणे उभी केली! परंतु त्या अफाट जमीनजुमल्यावरील तिची हुकमतही वैधव्यातून आलेली आहे. हुद्देदार पुरुष परगावी तरी असावा, अथवा परलोकी तरी.

खऱ्या ॲनीने मात्र सरकारकडे उघड मागणी केली होती. १८९८ साली स्पेनशी युद्धाची चिन्हे दिसू लागताच, पन्नास नेमबाज स्त्रियांचे पथक उभे करण्याची तयारी तिने राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना पत्राने कळविली. ती सेवा स्वीकारली गेली नाही. १९०३ साली वृत्तपत्रांनी तिच्यावर चोरीचा खोटा आळ छापला, तेव्हा तिने एक-दोन नव्हे, ५५ फिर्यादी गुदरल्या, वर्षानुवर्षे न्यायालयांचे उंबरठे झिजविले, आणि एक वगळता साऱ्यांत यश मिळविले. अब्रूसाठी दिलेला हा चिवट लढा पडद्यावरील कोणत्याही चकमकीहून मला थोर वाटतो.

एडिसनच्या कारखान्यात १८९४ साली घेतलेली तिची एक चित्रफीत शिल्लक आहे. काही क्षणांचाच अवधी. ती उभी राहून भराभर गोळ्या झाडते, धूर उठतो, आणि शेजारी एक पुरुष तिच्यासाठी निशाणे वर फेकीत राहतो. तो फ्रँक बटलरच असावा, असे मानतात.