माणूस दाखवणारा पक्षी

मराठीत ती टिटवी, हिंदीत टिटहरी, गुजरातीत टिटोडी. तिच्या आवाजावरून पडलेली ही नावं. तमिळ लोकांनी मात्र त्या आवाजाचा हेतू ओळखला आणि तिला आळ्काट्टी म्हटलं, म्हणजे माणूस दाखवून देणारी. माळावर कुणी पाऊल टाकलं की ती ओरडून आसपासच्या साऱ्या जिवांना सावध करते. इंग्रजांना त्याच ओरडण्यात ‘डिड ही डू इट?’ असा प्रश्न ऐकू आला. त्यानंच केलं का? मी पक्ष्यांचे फोटो काढतो. त्यामुळे ते नाव आणि हा प्रश्न, दोन्ही मला उद्देशूनच आहेत असं वाटतं.

टिटवी उघड्या माळावर, शेतात, कधी रेल्वेरुळांच्या खडीतही अंडी घालते. घरटं म्हणजे एक उथळ खळगा. त्यात सहसा चार अंडी, मातकट, काळसर ठिपक्यांची, डोळ्यांसमोर असून न दिसणारी. ऐन उन्हाळ्यात नर-मादी आळीपाळीनं त्यांवर बसतात, ते ऊब देण्याइतकंच सावली धरायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणून ती अंडी गार ठेवतात. कुणी जवळ आलं की पक्षी उठतो, डोक्यावर झेपावतो, गुरांसमोर पंख पसरून उभा राहतो, कधी पंख मोडल्याचं सोंग करून शत्रूला दूर नेतो.

फोटो हवा असतो तो याच क्षणाचा. पसरलेले पंख, उघडी चोच, पायाशी पिल्लू. खाली ओळ ठरलेली, ‘आईची माया’. ‘टिटवीदेखील समुद्र आटवते’ ही म्हण आपल्या कानांवरून गेलेली असते, अंडी पळवणाऱ्या समुद्राशी भांडणारी पंचतंत्रातली टिटवीही ठाऊक असते. त्यामुळे आपल्याला फोटोत लगेच शौर्य दिसतं. पण त्या फोटोत समुद्र कुठे आहे? तो कॅमेऱ्यामागे उभा आहे. पक्षी ज्याला दाखवतोय, नेमका तोच चित्रातून वगळलेला आहे.

यावर म्हणता येईल की टिटवी कुत्र्यावरही ओरडते, मुंगसावरही. दिवसातून दहा वेळा तिला हे करावंच लागतं, त्यात माझी एक भर पडली तर काय बिघडलं? शेतकरीही तिच्या घरट्याजवळून जातो, त्याच्यावरही ती झेपावते. खरं आहे. पण शेतकरी पुढे निघून जातो. कित्येक जण तर तेवढी जागा सोडून नांगर फिरवतात. कुत्र्याला भूक तरी असते. फोटो काढणाऱ्याला त्या जागेवर ना काम असतं, ना भूक. त्याला हवी असते ती पक्ष्याची भीतीच. जे लवकर थांबावं म्हणून तो जीव आकांत करतोय, ते आणखी थोडा वेळ चालावं, उजेड चांगला आहे तोवर चालावं, अशी इच्छा मनात येते. मला नैतिक प्रश्न इथे दिसतो. त्रास चुकून होणं आणि त्रास हाच आपला विषय असणं यांत फार अंतर आहे. आपण तिथे रेंगाळतो तेवढा वेळ अंड्यांवर ऊन पडत असतं, आणि टिटवी कुठून उठली हे कावळाही पाहत असतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली, तीत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना व्यत्यय आणणंही येतं. बंदूक न उचलता शिकार घडू शकते, हे कायद्याला पन्नास वर्षांपूर्वीच उमगलं होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माणूस जे पाहतो त्यावरच प्रेम करतो. फोटोच नसतील तर माळरान म्हणजे पडीक जमीन असं मानणाऱ्यांना तिथलं जगणं कोण दाखवणार? हे मला पटतं. पण दाखवण्याची दुसरीही रीत आहे. १९०० च्या सुमाराला इंग्लंडमधल्या कर्टन बंधूंनी बैलाचा पोकळ पुतळा करून त्यात लपून पक्ष्यांचे फोटो काढले. आज तो खटाटोप हास्यास्पद वाटेल. त्यामागची इच्छा मात्र साधी होती, आपण आलोय हे पक्ष्याला कळू नये. आज लांब पल्ल्याच्या लेन्सनं ते कितीतरी सोपं झालंय. दुरून, आडोशानं टिपलेल्या फोटोत टिटवी नुसती बसलेली दिसेल, उन्हात, डोळे अर्धवट मिटून. त्यात नाट्य नाही आणि त्याला फारशी दादही मिळणार नाही. पण माया म्हणायचीच असेल तर ती त्या तासन्‌तास बसण्यात आहे. झेपावण्यात दिसते ती आपली चाहूल.

टिटवी ओरडू लागली की निघायची वेळ झाली, एवढं समजलं तरी पुष्कळ. तिची पिल्लं इशारा मिळताच जमिनीला चिकटून निपचित पडतात. खड्यांत खडा होऊन जातात. ती पुन्हा उठून चालू लागतात ते ओरडणं थांबल्यावर, म्हणजे आपण तिथून गेल्यावर.