सोबत आणि संमती

जिवलग मित्राचं लग्न आहे. त्याआधी मित्रमंडळी एका रात्रीसाठी मजा करायला बाहेर जाणार, आणि तिथे आपल्याला न पटणाऱ्या गोष्टी होणार हे आधीच ठाऊक आहे. अशा वेळी जावं की जाऊ नये? मैत्रिणींनो, हा प्रश्न आता आपल्याही घरांत येऊ लागलाय. पूर्वी हळद, मेंदी, बांगड्या एवढंच असायचं. आता मुलांची ‘बॅचलर पार्टी’ वेगळी, मुलींची वेगळी.

इंदूरच्या माझ्या भाच्याचं असंच झालं. लग्नाला चार दिवस असताना सात मुलं मांडूला मुक्कामी जाणार होती. हा दारू पीत नाही, रात्री जेवत नाही. नणंदेचा फोन आला, “वहिनी, तुम्हीच सांगा काय ते.”

सोपी उत्तरं दोन होती. एक, “जा, तू पिऊ नकोस म्हणजे झालं.” दुसरं, “जाऊच नकोस.” मला दोन्ही अपुरी वाटली.

पहिल्या उत्तरात फक्त स्वतः करण्याचा विचार आहे. आपल्याकडे हिशेब एवढ्यावर संपत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात कृत, कारित आणि अनुमत असे तीन भेद येतात. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं आणि दुसऱ्याने केलेल्याला मनातून होकार देणं. संरंभ-समारंभ-आरंभ, मन-वचन-काय, हे तीन आणि चार कषाय यांच्या गुणाकारातून १०८ प्रकार होतात. म्हणजे ग्लासाला हात न लावताही माणूस त्यात असू शकतो.

पण जवळ असणं म्हणजेच होकार, असंही नाही. मांडूचंच बघा ना. १४३९ साली, महमूद खिलजीच्या राज्यात, याच मांडवगडावर कल्पसूत्राची सुंदर चित्रित पोथी तयार झाली. त्याच घराण्यातल्या गियासुद्दीनच्या दरबारात पुढे ‘नियामतनामा’ लिहायला घेतला गेला. त्यात मांसाचे पदार्थ आहेत, अत्तरं आहेत, विडे आहेत. एकाच गडावर दोन्ही पोथ्या झाल्या. शेजारच्या ताटात काय आहे यावर आपला धर्म ठरत असता, तर आपल्या माणसांना तिथे राहताच आलं नसतं.

मग होकार नेमका कुठे असतो? मला वाटतं, आपण कशाला हसतो आणि काय लपवायला मदत करतो, त्यात. “आझादीचे शेवटचे चार दिवस” या विनोदात येणारी मुलगी आधीच जेलर ठरलेली असते. “भाभीला कळता कामा नये” अशी शपथ घेतली, की संसार सुरू होण्याआधीच त्यात एक खोटं शिरतं, आणि ते सांभाळायला मित्र वाटेकरी होतात.

नेमिनाथांची कथा आपण वैराग्याची म्हणून ऐकतो. लग्नाच्या मेजवानीसाठी कोंडलेल्या प्राण्यांचा आक्रोश ऐकून त्यांनी रथ मागे फिरवला. मला त्यात आधी दिसतं ते त्यांनी विचारणं, की या आनंदाची किंमत कोण देतंय? सहलीलाही हाच प्रश्न लावता येतो. रात्रभर जागणारा ड्रायव्हर, कमी पगाराचा असून सारखीच वर्गणी भरणारा मित्र, आणि जिच्यावर विनोद चाललेत ती मुलगी, हे सगळे ती किंमत देत असतात.

मी भाच्याला म्हटलं, “जा. पण तिला जे सांगता येणार नाही, त्यात राहू नकोस. आणि हे मित्राला आधीच सांग.”

तो गेला. थंडीचे दिवस, सूर्य लवकर मावळतो, म्हणून आधीच दाल-पानिये खाऊन घेतले. रात्री कुणीतरी नवरीची नक्कल करून व्हिडिओ काढायला लागलं. सगळे हसत होते, नवरामुलगाही. हा म्हणाला, “हे पुसून टाक. परवा मी तिच्यासमोर उभा राहणार आहे.” व्हिडिओ पुसला गेला, पण रंगाचा बेरंग झाला. दुसऱ्या दिवशी रूपमती मंडपावर नर्मदेची रेघ शोधताना मित्र त्याच्याशी बोलला नाही. लग्नातही जेवढ्यास तेवढंच.

नणंद अजून म्हणते, “गेला नसता तर मैत्री तरी राहिली असती.” तिचं दुःख खोटं नाही. एवढ्या वर्षांची मैत्री एका वाक्यावर अडली, आणि ती पूर्ववत होईल असं मी तिला सांगू शकत नाही. पण लग्नाला आपण नुसतं जेवायला जात नाही, साक्षीला जातो. ती साक्ष दोघांसाठी असते. माना डोलावणारेच तेवढे मांडूला गेले असते, तर त्या रात्री त्या मुलीच्या बाजूने कुणीच नसतं.